करण्यासारखे फारसे नाही

लाओस देशात मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात लुआंग प्रबांग नावाचे एक लहानसे गाव आहे. पाठीवर सॅक अडकवून, बेताच्या पैशांत महिनोन्‌महिने देशोदेशी हिंडणाऱ्या तरुण मंडळींच्या वाटेवरचे हे एक ठरलेले ठाणे. साठी ओलांडल्यावर आम्ही उभयता गेल्या हिवाळ्यात तिकडे गेलो, ते भाचीच्या आग्रहावरून. ती तीन दिवसांसाठी म्हणून गेली होती आणि अकरा दिवस राहून आली. तिथे करायचे तरी काय, असे विचारल्यावर म्हणाली, ‘‘मामा, करण्यासारखं फारसं काही नाही. म्हणून तर जायचं.’’

पूर्वी ही मंडळी थायलंडच्या सीमेवरील हुआय साय येथून लाकडी होडीत बसत, वाटेत पाकबेंगला मुक्काम करीत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येथे पोहोचत. डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या साहाय्याने बांधलेली रेल्वे सुरू झाली आणि राजधानी व्हिएंतियानहून हे गाव दोनेक तासांवर आले. आम्ही रेल्वेनेच गेलो. भाचीच्या लेखी तो प्रवासच नव्हे!

करण्याजोग्या गोष्टींची यादी आखूड आहे. गावाच्या मधोमध फूसी नावाची टेकडी. पायऱ्या सव्वातीनशेच्या वर. जेजुरी चढलेल्या माणसाला त्यांचे काही वाटू नये. सूर्यास्ताला वर इतकी गर्दी होते की सूर्य लोकांच्या फोनमध्येच पाहावा लागतो, सकाळी जावे. गावापासून तीसेक किलोमीटरवर क्वांग सी हा धबधबा आहे. चुनखडीमुळे त्याच्या कुंडांतील पाणी निळेहिरवे दिसते. तरुण पोरे त्यात उड्या मारतात, आम्ही काठावर बसून केळी खाल्ली. पावसाळा सरला की नाम खानवर बांबूचा पूल बांधतात आणि पुढच्या पुरापूर्वी काढून घेतात. दरवर्षी नव्याने पूल बांधणाऱ्या लोकांविषयी आम्हांला आदर वाटला, तरी पूल ओलांडताना कठडा मात्र घट्ट धरला.

रात्रीच्या बाजारात कापड, कागदाचे कंदील, चांदीचे दागिने यांच्या रांगेत ॲल्युमिनियमचे चमचे मांडलेले असतात. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्या भंगारातील धातू वितळवून हे चमचे केलेले. न फुटलेले बॉम्ब आजही शेतांत सापडतात. चमचा हातात घेतला तर अगदी हलका. आम्ही सहा घेतले. घासाघीस करण्याचे धैर्य झाले नाही.

वाट शिएंग थोंग हे मंदिर मात्र निवांत पाहावे. 1560 च्या सुमारास राजा सेथथिराथ याने ते बांधले. छपरे इतकी खाली उतरत आलेली, की कोंबडीने पिलांवर पंख पसरावेत तशी दिसतात. राजघराण्याचा अंत्ययात्रेचा रथ ठेवलेल्या दालनाच्या दर्शनी भिंतीवर रामकथा कोरलेली आहे. लाओ लोक तिला ‘फ्रा लक फ्रा लाम’ म्हणतात. आधी लक्ष्मण, मग राम. धाकट्या भावाला पहिला मान देणारे रामायण आमच्या घराण्यातील धाकट्या पात्यांना फारच मानवले असते! ज्यांच्यासाठी हा रथ, ते राजे 1975 नंतर उरले नाहीत. राजवाड्याचे संग्रहालय झाले. ग्वाल्हेरकरांस यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

पण या गावाचे खरे चित्त पहाटेच्या भिक्षाफेरीत आहे. उजाडण्याच्या सुमारास भगव्या वस्त्रांतील भिक्षू अनवाणी, एका ओळीत, न बोलता विहारांतून बाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला बायका खांद्यावरून उपरणे घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या असतात आणि प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा लहानसा गोळा घालतात. घेणारा आभार मानीत नाही. रांगेत आठदहा वर्षांची मुलेही असतात. यांतील पुष्कळ मुले खेड्यांतील गरीब घरांतून शिक्षणासाठी विहारांत आलेली. आम्हांला आजीने सांगितलेली, लष्करातील आमच्या वाड्यावर वार लावून जेवणारी मुले आठवली. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार असे दोन वार होते.

या ओळीपुढे वाकून, तोंडाजवळ कॅमेरा नेऊन उभे राहणारे लोकही असतात. अंतर राखा, भिक्षूंना स्पर्श करू नका, अशा पाट्या ठिकठिकाणी लावलेल्या आहेत. पाट्या लावाव्या लागणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. आम्ही रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बसून पाहिले. भात विकत घेऊन त्या ओळीत बसता येते, पण ज्यावर आपली श्रद्धा नाही ते हौसेने करावे, हे आम्हांला रुचले नाही. कोणी श्रद्धेने बसत असेल तर बसो.

पाहता पाहता लक्षात आले की कित्येक दारांपुढे कोणीच बसलेले नाही. 1995 मध्ये गाव जागतिक वारशाच्या यादीत आले, जुन्या घरांचे मोल वाढले. अनेक कुटुंबांनी घरे अतिथिगृहांसाठी भाड्याने दिली आणि बाहेरच्या वस्तीत राहावयास गेली. लाकडी खांब, कौले, सज्जे, सारे नियमाप्रमाणे जपलेले आहे. आत आमच्यासारखे उतारू.

आम्ही उतरलो ते घरही असेच. मात्र त्याची मालकीण, पन्नाशीची बाई, रोज पहाटे स्कूटरवरून येई, त्याच उंबऱ्यासमोर चटई टाकून बसे आणि रांग पुढे गेली की चटई गुंडाळून परत जाई. तिच्या मुलाला इंग्रजी येत असे. त्याच्यामार्फत विचारले की नव्या घराजवळ भिक्षू येत नाहीत काय? येतात, ती म्हणाली. पण सासूबाई येथे बसत असत.

आम्ही यावर काही बोललो नाही, कारण लष्करातील वाड्याचा प्रश्न आमच्याही डोक्यात होता. चुलतभावांपैकी तिघे इंदूर, पुणे आणि अमेरिकेत आहेत; एका हॉटेलवाल्याचे पत्र आले आहे. कमानी आणि चौक तसेच ठेवू, असे त्याने लिहिले आहे आणि ते खरेही असेल. बैठक दिवाळीत आहे. आपल्या कुळधर्माला, बोडणाला त्या चौकात बसता येईल काय, एवढी एक अट करारात घालावी, असे आमच्या घरातून सुचवले गेले आहे. बाकीचे हसतील, हेही ठाऊक आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री त्या बाईने आम्हांला आपल्या नव्या घरी चहाला नेले. सिमेंटचे, स्वच्छ घर. स्वयंपाकघरात एका मोठ्या पातेल्यात तांदूळ भिजत घातलेला होता. हा भात रात्रभर भिजवून मग बांबूच्या टोपलीत वाफवावा लागतो, म्हणून पहाटे चारला उठणे आले. तिची सून पातेल्यावर झाकण ठेवीत होती. ती कधी त्या उंबऱ्यावर बसते काय, असे आम्ही विचारले. मुलाने प्रश्न सांगितला. दोघी हसल्या, आणि सुनेने आमच्या पेल्यांत आणखी चहा ओतला.