हैदराबादची खरेदी आणि ‘नक्को’

लग्नसराई जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, हैदराबादला खरेदीला जायचंय. कुठं काय घ्यावं?” माझ्या खालाचं घर जुन्या शहरात होतं. लहानपणीच्या सुट्ट्या तिथं गेल्या, म्हणून हा मान माझ्याकडं.

देगलूरहून हैदराबाद जवळपास दोनशे किलोमीटर. नांदेड त्याच्या निम्म्याहून कमी. तरी लग्न म्हटलं की आमच्याकडची माणसं हैदराबादचीच गाडी धरतात. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. सरहद्द बदलली, पण लग्नाच्या खरेदीची वाट काही बदलली नाही.

तर विचारणाऱ्यांना मी सांगते ते असं. बांगड्या घ्यायच्या तर चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार. तिथल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निखाऱ्यावर लाख मऊ करून ती वळतात आणि एकेक खडा हातानं बसवतात. काचेच्या बांगडीसारखी ही दाबून चढत नाही, म्हणून माप घालूनच बघा. घरी आल्यावर उन्हात, गरम पाण्यात नेऊ नका, लाख मऊ पडते. कपडे आणि मोती बघायचे तर चारमिनारच्या उत्तरेला पत्थरगट्टी. भांडी, सुका मेवा, घाऊक सामान हवं असेल तर मुसी नदी ओलांडून बेगम बाजार. आणि रविवार असेल तर आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं. लग्नाच्या यादीत पुस्तकं नसतात, पण मी तिथं गेल्याशिवाय परत येत नाही.

एवढं सांगून झालं की मी एक गोष्ट सांगते.

मी दहावीला असताना आपाचं लग्न ठरलं. अब्बा यादी घेऊन हैदराबादला गेले. यादी एका पानाची होती. दुकानात गादीवर बसले, चहा आला, थानावर थान उलगडलं गेलं. “लडकी का मामला है” असं दुकानदार म्हणाला आणि अब्बांना नाही म्हणता आलं नाही. घरी आले तेव्हा यादीच्या दुप्पट सामान होतं आणि वरून उसनवारी. ती फेडायला बरीच वर्षं लागली. माझं बीएड दोन वर्षं पुढं गेलं ते त्यामुळंच. अब्बांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही. पण प्रवेशाचा अर्ज मागवून तो पेटीत ठेवून दिल्याचं मला अजून आठवतं.

मागच्या वर्षी भावाच्या मुलीचा निकाह होता. भाभीची यादी दोन पानांची. मी सोबत गेले. पत्थरगट्टीच्या एका दुकानात लाल खडा दुपट्टा आमच्यासमोर पसरला गेला. जरीचं काम असं, की माझाही हात आपोआप त्यावर गेला. “ले लो आपा, दुल्हन पे खिलेंगा,” दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून भाभी माझ्याकडं बघायला लागली. मी काही बोलायच्या आधी भाची म्हणाली, “नक्को भाई. एक दिन पहनना, फिर पेटी में.”

दुकानदार हसला. त्यानं दुपट्टा शांतपणे घडी घातला आणि साधे जोड काढले.

हा ‘नक्को’ मूळचा आपला. मराठीतला ‘नको’ दखनीत गेला आणि तिथं त्याचा क डबल झाला. ‘ऐसाइच’ मधला ‘च’ सुद्धा आपलाच. शेकडो वर्षं एकमेकांशेजारी राहिलेल्या माणसांच्या बोलीत अशी देवाणघेवाण होतेच. वर्गात मी हे मुलांना शिकवते. पण अब्बांना त्या गादीवर हाच एक शब्द सुचला नव्हता, हे मला त्या दिवशी भाचीच्या तोंडून तो ऐकताना कळलं.

आम्ही लाड बाजारातून बांगड्या घेतल्या, भावासाठी अत्तराची कुपी घेतली. बाकीचे कपडे देगलूरलाच घेतले, ज्या दुकानदारानं लॉकडाऊनमध्ये आमची उधारी विचारलीसुद्धा नाही त्याच्याकडं. उरलेले पैसे भाचीच्या खात्यावर टाकले. ती डी.फार्म. झालेली आहे, तिला स्वतःचं मेडिकल दुकान टाकायचंय.

तेव्हा हैदराबादला जरूर जा. यादी घरी बसून करा, पैसे मोजून न्या आणि नक्को म्हणायची तयारी ठेवा.

भाभी मात्र अजूनही कुणाच्या लग्नात लाल खडा दुपट्टा दिसला की माझ्याकडं बघते. मीही बघते. सुंदरच होता तो.