स्वतःचं रेटिंग

आम्हा आयटीवाल्यांना दर वर्षी सेल्फ अप्रेझल भरावं लागतं. स्वतःबद्दल दोन पानं आपण लिहायची, आणि रेटिंग मात्र दुसरा देणार. ते आलं की वर्षभर खूश, नाहीतर नाराज. म्हणजे आपलं सुख ठरवतं कोण?

अशा वेळी मला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं नेवासे आठवतं. तिथे एक साधा दगडी खांब आहे, त्याला 'पैस' म्हणतात. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेचे ७०० श्लोक मराठीत उलगडून सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, असं परंपरा सांगते. वय जेमतेम पंधरा. संन्याशाची मुलं म्हणून या भावंडांना समाजाने वाळीत टाकलेलं. काय रेटिंग होतं बघा!

तरीही पसायदानात मागणं काय? दुष्टांचा नाश नाही, त्यांचा फक्त वाकडेपणा जावो. ज्याला जे हवं ते मिळो. आणि एवढ्या वरानेच ज्ञानदेव सुखी झाले!

मला वाटतं, स्वतःला ओळखल्याची खूण हीच. कुणाशी हिशेब चुकता करायचा उरत नाही. पैस म्हणजे तरी काय, मोकळी जागा. ती आत असली की रेटिंग येतं आणि जातं.