नोंदणी तुझ्या नावावर आहे

छत्रपती संभाजीनगर

चि. सोनू,

गारखेड्यातल्या रुग्णालयात परिचारिका म्हणून लागलीस हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. पण त्यांनी तुझी मूळ कागदपत्रं ‘जमा’ करून घेतली, हेही तिच्या बोलण्यात आलं. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

आधी ती कागदपत्रं परत घे. मूळ प्रत दाखवायची, छायाप्रत द्यायची आणि मूळ घरी आणायची. मुलगी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून कागद अडकवून ठेवणं मला मुळीच मान्य नाही. जीएनएमची तीन वर्षं तू काढलीस, परीक्षा तू दिलीस, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव तुझं लागलं. रुग्णालय बदलेल, गाव बदलेल, तो नोंदणी क्रमांक मात्र तुझाच राहील.

हा क्रमांक सहज मिळालेला नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला त्याच १९५६ साली आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याला सगळं गाव आजही घाटी म्हणतं. मुंबई इलाख्याचा परिचारिका नोंदणीचा कायदा १९३५ सालचा, पण तेव्हा आपण त्या इलाख्यात नव्हतो. पुढे सगळ्या महाराष्ट्राला मिळून एकच कायदा आला तो १९६६ मध्ये. आज उदगीरची मुलगी असो की दादरची, परिषद एकच.

नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. भारतीय परिचर्या परिषदेचं मान पाच वर्षांत १५० तासांच्या प्रशिक्षणाचं आहे. पोरी शेवटच्या वर्षी धावपळ करतात, मिळेल त्या कार्यशाळेला बसतात, आणि शिकणं राहून जातं. तू असं करू नकोस. नवजात शिशूंचं पुनरुज्जीवन, संसर्ग नियंत्रण, असे आपल्या वॉर्डात रोज उपयोगी पडणारे विषय निवड आणि प्रत्येक प्रमाणपत्र त्याच दिवशी फाइलला लाव.

आता नावाचं. यात आपल्या बायकांचे फार हाल होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, नोंदणीवर तेच, आणि लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव व सासरचं आडनाव. तीन कागद शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायका वाटाव्यात. देशभरच्या परिचारिकांची नोंद आता आधारशी जोडून ऑनलाइन होते, तिथे ही तफावत लगेच आडवी येते. तुझं लग्न ठरतं आहे म्हणून सांगते: नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध कर आणि परिषदेकडेही बदलून घे. नाही बदललंस तर उत्तमच, माझं तरी तेच मत आहे. जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे, त्याची मात्र काळजी नको; शहराचं नाव सरकारनंच बदललं आहे.

पगाराबद्दल तू संकोचानं काही बोलली नाहीस, असं ताई म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्रानं समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, अशी शिफारस त्या समितीनं केली. ही शिफारस कितीतरी ठिकाणी कागदावरच राहिली आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो. रात्रभर एकटी मुलगी सगळा वॉर्ड सांभाळते, सलाइन, इंजेक्शनं, नातेवाइकांचे प्रश्न, सगळं तिच्यावर, आणि महिनाअखेर तिच्या हातात काय पडतं!

तरी जे कायद्यानं तुझं आहे ते सोडू नकोस. नियुक्तीपत्र लेखी घे. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. त्या खात्याचा तुझा यूएएन क्रमांक माग आणि दर महिन्याला पैसे जमा होतात का ते मोबाइलवर बघत जा. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती मागताना ‘नोकरी राहील ना’ असं विचारायची वेळ कुणावर येऊ नये, पण येते.

आणखी एक. नातेवाईक अंगावर धावून आले तर २०१० चा राज्याचा कायदा आपल्या पाठीशी आहे. वैद्यकीय सेवेतल्यांवर हल्ला हा त्यात अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या संरक्षणात डॉक्टरांबरोबर नोंदणीकृत परिचारिका आहेत, शिकणाऱ्या मुलीही आहेत. तेव्हा कुणी ‘जाऊ दे सिस्टर, मिटवून टाका’ म्हणालं तरी घटना रिपोर्ट बुकात वेळेसकट लिही.

तुझ्याबरोबर लागलेल्या मुलींनाही हे पत्र वाचायला दे. कुणाकडे नियुक्तीपत्र नसेल, कुणाचा यूएएन काढला नसेल, तर एकेकटीनं केबिनमध्ये जाऊ नका. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

तुझी,
मावशी