सुईआधीचा सराव

रात्री डोक्यात एकच विचार घोळतोय. शिकाऊ डॉक्टरची पहिली सुई कुणाच्या तरी अंगात जाणारच. १९६३ साली सुरू झालेल्या आमच्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजात कितीतरी डॉक्टरांचे हात घडले, ते अक्कलकोट-मंगळवेढ्याहून आलेल्या रुग्णांच्या भरवशावर. हे ऋण मोठं आहे.

२०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमानं रुग्णाआधी सरावावर भर दिला. व्हीआर, म्हणजे हेडसेट लावून अनुभवायचं आभासी जग, ही त्याचीच पुढची पायरी. मणक्यातलं पाणी काढायचं तर रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी. कमरेच्या हाडांच्या रेषेत कमरेचा चौथा मणका बोटानं चाचपायचा. हेडसेटमध्ये कातडीखालचे थर उलगडून दिसतात, कोन चुकला तर लगेच कळतं, पुन्हा पहिल्यापासून करता येतं. मात्र सुई आवरण भेदते तेव्हा बोटांना जाणवणारी ती सूक्ष्म ढील साध्या कंट्रोलरमध्ये येत नाही. घाबरलेल्या मावशींना 'जरा कळ काढा हं' म्हणत धीर देणं तर खाटेजवळच शिकावं लागतं.

तरीही चुका हेडसेटमध्येच होऊन जाव्यात. गोरगरिबांचा आधार असलेल्या सरकारी कॉलेजांना हे साधन सर्वांत आधी मिळायला हवं.