कधी लागतो, कधी नाही

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर सतत जळणारा दिवा परवडला. छळतो तो अधूनमधून लागणारा. गॅरेजच्या दारात तो हमखास विझलेला असतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा उगवतो. म्हणून त्याचा शोध पान्याने नव्हे, चौकशीने सुरू होतो. इंजिन तापल्यावर लागला की गार असताना? वळणावर, खड्ड्यात की पाऊस पडून गेल्यावर?

पहिला मान ऑइलच्या लाल दिव्याचा. तापलेली गाडी सिग्नलला उभी असताना तो लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे आणि डिपस्टिक पाहायची. ऑइल पुरेसे असेल, तर एकतर प्रेशर स्विच बिघडलेला असतो किंवा आतली बेअरिंग झिजलेली. स्विच स्वस्त, म्हणून तोच बदलून मोकळे होण्याची रीत आहे. पण गेज लावून दाब मोजल्याशिवाय केलेला हा उपाय निव्वळ जुगार. अमेरिकेतल्या हडसन कंपनीने १९३०च्या दशकातच काट्यांऐवजी दिवे बसवले होते. काटा हळूहळू उतरताना दिसत असे. दिवा एकदम शेवटचेच सांगतो.

ब्रेकचा दिवा वळणावर चमकत असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी कमी झालेली असते. ऑइल एका बाजूला कलले की बाटलीतला फ्लोट खाली बसतो. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची जागा हेच ऑइल भरून काढते. नुसते ऑइल ओतले की दिवा विझतो आणि झिजलेले पॅड तसेच राहतात. गळतीही पाहावीच लागते.

बॅटरीच्या दिव्याची मंद लाली बहुधा रात्रीच लक्षात येते. जुन्या गाड्यांत या दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचा व्होल्टेज असतो, दुसऱ्याला अल्टरनेटरचा. दोन्ही सारखे झाले की तो विझतो. मंद लाली म्हणजे थोडासा फरक: घासलेले कार्बन, गेलेला डायोड किंवा गंजलेला सांधा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.

एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दिवे एकदम लागले, तर आधी अर्थिंग पाहावे. बॉडीवरचा बोल्ट सोडवून, गंज घासून तार पुन्हा आवळली की पुष्कळ भुते उतरतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि उंदरांच्या पार्किंगमध्ये तर हे काम आधीच करावे.

चेक इंजिनचा दिवा मात्र आठवण ठेवतो. दोष सलग तीन ड्राइव्ह सायकलमध्ये दिसला नाही, तर तो सहसा विझतो. कोड मात्र संगणकात राहतो. बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करणारा मिस्त्री हा पुरावाच पुसतो. स्कॅनर आधी लावावा.

याहून वाईट जात म्हणजे गाडी विकताना बल्बच काढून ठेवणाऱ्यांची. चावी फिरवून इंजिन सुरू न करता पाहिले, तर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागलेला राहतो. एअरबॅगचा काही सेकंदांत आपोआप विझतो. तो ऑइलच्या दिव्याबरोबरच लागत आणि विझत असेल, तर त्याची तार तिथे जोडून दिलेली असण्याचा दाट संशय घ्यावा.