जाहिराती कापू नकोस

डोंबिवली
रविवार

चि. निखिल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

नाशिकच्या घरातल्या व्हिडिओ कॅसेटचं काय करायचं, असं तू परवा फोनवर विचारलंस. जुन्या मालिका आता मोबाइलवर मिळतात, मग ही अडगळ कशाला सांभाळायची, हा तुझा मुद्दा. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. कॅसेट टाकू नकोस. आणि डिजिटल करून घेशील तेव्हा मधल्या जाहिराती, निवेदिकेच्या घोषणा, मालिकेआधीच्या पाट्या, यातलं काही म्हणजे काही कापू नकोस. नानांनी ज्या मालिका हौसेने रेकॉर्ड केल्या त्या मिळतील. त्यांच्या मध्ये जे चुकून राहून गेलं ते दुसरीकडे मिळेलच असं नाही.

मालिकांना वाली आहे. 'रामायण' 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात दर रविवारी सकाळी लागायचं. टाळेबंदीत 28 मार्च 2020 पासून ते पुन्हा दाखवलं, तेव्हा जुने प्रेक्षक नातवंडांना शेजारी बसवून बघत होते. त्याच एप्रिलमध्ये दूरदर्शनने 'डीडी रेट्रो' ही जुन्या मालिकांची वाहिनी सुरू केली. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' हे ओटीटी आणलं, त्यावरही जुना ठेवा आहे. मोठ्या मालिकांची सोय लागली, हे चांगलंच झालं. पण त्या काळची संध्याकाळ नुसत्या मालिकांची नव्हती.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'किलबिल', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', गुजराती 'संताकुकडी', तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', गुरुवारचं 'छायागीत' ही नावं तुझ्या बाबांना झोपेतून उठवून विचारलीस तरी ते सांगतील. पुढच्या आठवड्यात काय लागणार हे सांगायला 'साप्ताहिकी' हा वेगळा कार्यक्रम असायचा आणि लोक तोही चुकवत नसत. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांनी असा काही उभा केला, की पुढे पुस्तक उघडलं तरी तेच दोघे डोळ्यांसमोर यायचे. स्मिता पाटील सिनेमात नाव काढण्याआधी याच केंद्रावरून मराठी बातम्या वाचत होती.

यातलं किती शिल्लक आहे? त्या वर्षांत बरंच काही थेट प्रक्षेपित व्हायचं आणि जे रेकॉर्ड होई त्याची टेप महाग असायची. त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि पुढच्याला वापरायची, ही रीतच होती. आपल्याकडेच असं घडलं असंही नाही. बीबीसीने साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'च्या टेपा अशाच पुसल्या, आणि त्या मालिकेचे 90 हून अधिक भाग वर्षानुवर्षं बेपत्ता राहिले. त्यांचा आवाज मात्र वाचला, कारण काही मुलांनी घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. संस्थेने पुसलेलं प्रेक्षकाने राखलं, म्हणून आज ऐकायला मिळतं.

आता जाहिरातींचं बघ. दूरदर्शनवर जाहिराती आल्या 1 जानेवारी 1976 पासून. मालिकेच्या शेवटी श्रेयनामावली असते, त्यामुळे तिचा लेखक, दिग्दर्शक, संगीतकार कोण हे कुठेतरी नोंदलं जातं. जाहिरातीला श्रेयनामावली नसते. तीस सेकंदांत गाणं लिहिणारा, चाल लावणारा, गाणारी, समोर दिसणारी बाई, सगळे निनावी. ती फिल्म नाहीशी झाली, की त्या माणसांचं काम कुठल्याच यादीत उरत नाही.

अशोक पत्कींचं उदाहरण घे. 'गोट्या' मालिकेचं शीर्षकगीत त्यांचं. 15 ऑगस्ट 1988 ला पहिल्यांदा लागलेल्या आणि पं. भीमसेन जोशींच्या आवाजात सुरू होणाऱ्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या संगीतात ते होते. आणि याच माणसाने ढिगाने जिंगल्स केल्या. गोट्याचं गाणं त्यांचं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ज्या जिंगल्स त्याच लोकांना तोंडपाठ आहेत, त्या कोणाच्या हे मात्र विचारलं तर सांगता येत नाही.

सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी तर तुलाही माहीत असेल. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात भाजीची पिशवी, आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांतला फरक ठणकावून सांगणारी बाई. अलीक पदमसींनी ही व्यक्तिरेखा घडवली ती निरमाला उत्तर म्हणून. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 मध्ये घरगुती पद्धतीने सुरू केलेली निरमा इतकी स्वस्त होती, की सर्फचं गिऱ्हाईक हातचं जायला लागलं. मग ललिताजीने हिशोब मांडला: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो साध्या पावडरीइतकं काम. ऐंशीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय घराचं अर्थकारण इतक्या थोडक्यात दुसरं कोणी सांगितलेलं मला आठवत नाही. ही भूमिका करणाऱ्या कविता चौधरीने 1989 मध्ये 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली नायिका कल्याणी सिंगही तिनेच केली. मालिकेमागे तिच्या बहिणीची, पोलीस अधिकारी कंचन चौधरी यांची कहाणी होती. त्या पुढे उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. कविता 2024 मध्ये गेली, तेव्हा बातम्यांत ललिताजी आणि कल्याणी सिंग ही दोन्ही नावं होती. बाजारात भाव करणारी बाई आणि वर्दीतली बाई, दोघी एकीनेच उभ्या केल्या होत्या. हे कळायचं तर 'उडान'च्या जोडीला ती जाहिरातही शिल्लक हवी.

आपल्या पेंढारकरांच्या विकोचंही तेच. केशव विष्णू पेंढारकरांनी 1952 मध्ये परळला सुरू केलेली ही कंपनी, हळदीचं क्रीम 1975 चं. 1984 मध्ये 'ये जो है ज़िंदगी' लागली, तिचे प्रायोजक तेच होते. त्यामुळे मालिकेचं हसू आणि हळदीच्या क्रीमचं गाणं अनेकांच्या डोक्यात एकत्रच साठलेलं आहे. हे क्रीम म्हणजे सौंदर्यप्रसाधन नव्हे, असं त्या गाण्यात ठासून सांगितलेलं असायचं. ऐकणाऱ्याला ते यमक जुळवण्यापुरतं वाटे. पण नेमक्या त्याच मुद्द्यावर कंपनीचं आणि उत्पादनशुल्क खात्याचं वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं होतं. सौंदर्यप्रसाधन ठरलं तर कर जास्त, आयुर्वेदिक औषध ठरलं तर कमी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कंपनी जिंकली. मुलं अंगणात खेळताना जे गुणगुणायची त्यात एक करविषयक वाद दडलेला होता. उद्या कोणाला त्या काळच्या व्यापाराचा इतिहास लिहायचा झाला, तर निकालपत्रासोबत ते गाणंही त्याच्यासमोर असायला हवं.

कार्टूनबद्दल तू विचारलं होतंस. मोगलीची मालिका मुळात जपानी, 1989 ची. दूरदर्शनवर ती हिंदीतून आली तेव्हा शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. जपानमधल्या मूळ प्रती कितीही जपून ठेवल्या असल्या तरी त्यांत हे तिघे सापडायचे नाहीत. आपल्या मुलांनी पाहिलेला मोगली हिंदी आवृत्तीतच आहे.

त्याआधीचं म्हणशील तर 'एक अनेक और एकता', 1974 सालचं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला की लावायचं, म्हणून कुठल्याच छापील कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव नसायचं. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी आणि जाळं कुरतडणारे उंदीर, एवढीच गोष्ट. ती पडद्यावर आणणाऱ्या विजया मुळे मूळच्या मुंबईच्या, अभिनेत्री सुहासिनी मुळेच्या आई. अॅनिमेशन भीमसेन खुराणांचं, संगीत वसंत देसाईंचं. गाणाऱ्यांत लहानगी साधना सरगम होती. त्या काळात सरकार खेड्यापाड्यांत उपग्रहावरून शिक्षण पोचवायची तयारी करत होतं. 'साइट' नावाचा तो प्रयोग 1 ऑगस्ट 1975 ला सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत सुरू झाला आणि वर्षभर चालला. विजयाताई त्या प्रयोगातल्या मुलांच्या कार्यक्रमांच्या कामात होत्या. मधल्या रिकाम्या वेळात लावायच्या सात-आठ मिनिटांच्या चित्रफितीवर एवढी मोठी माणसं राबली होती.

असं मधलं-अधलं सगळं राखण्याचं एक उदाहरण सांगते. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या एक बाई होत्या, पूर्वी ग्रंथपाल होत्या. 1979 पासून 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी घरातल्या टीव्हीवर दिवसरात्र बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे 70,000 कॅसेट झाल्या. त्यांनी निवड केली नाही. बातमी, चर्चा, जाहिरात, जे लागेल ते घेतलं. आज तो साठा इंटरनेट अर्काइव्हकडे आहे. निवड न करणं हीच त्यांच्या कामातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, असं मला मनापासून वाटतं.

आपले नाना उलट करायचे. जाहिरात लागली की उठून पॉज दाबायचे, टेप वाया जाऊ नये म्हणून. पण खुर्चीतून उठून व्हीसीआरपर्यंत जाईस्तोवर काही सेकंद रेकॉर्ड व्हायचेच. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये 'बुनियाद'चा भाग संपता संपता अर्धी जाहिरात येते, मग चित्र उडी मारतं, निवेदिकेच्या वाक्याचा मधलाच तुकडा ऐकू येतो, कधी 'व्यत्यय'ची पाटी दिसते. ते तुकडे मला हवे आहेत.

आता कामाचं. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघ. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट मशीनमध्ये मुळीच घालू नकोस. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या काढ, त्या साफ करणाऱ्याकडेच द्यायच्या. बाकीच्या पुस्तकासारख्या उभ्या ठेव, कोरड्या जागी. नवं व्हीसीआर शोधत बसू नकोस. शेवटच्या जपानी कंपनीनेही 2016 मध्ये ते बनवणं थांबवलं. जुनं मशीन असलेला माणूस गाठ आणि त्याला आधीच सांग, की कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, मुंग्या दिसत असल्या तरी, सलग उतरवायची. असे लोक 'स्वच्छ' प्रत देण्याच्या उत्साहात नेमकं हेच कापतात.

कॅसेटच्या कडेला नानांनी चिटोऱ्यांवर तारखा लिहिल्या आहेत. त्यांचे फोटो काढून मला पाठव, मी यादी करते. आणि तुझ्या आईला विचार, 'किलबिल'मध्ये तिच्या शाळेतल्या मुली गेल्या होत्या, त्या कुठल्या साली. नावं आठवत असतील तर तीही लिहून घे. तिला सगळं आठवतं, फक्त कोणी विचारत नाही.

तुझी,
आत्या