निर्लेखनाची यादी

आमच्या महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत 'वस्तूचे वर्णन' असा एक रकाना आहे. गेल्या उन्हाळ्यात निर्लेखन समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा तळघरातील चौदा जुन्या यंत्रांसमोर त्या रकान्यात एकच शब्द होता : संगणक. हे काम मराठीच्या प्राध्यापिकेकडे का आले, याचे कारण एवढेच की मे महिन्यात लातुरात आम्ही तिघेच उरलो होतो. भंगारात काढण्याला शासकीय मराठीत 'निर्लेखन' म्हणतात. हा शब्द कोणी घडविला कोण जाणे. त्याच्याइतका निष्ठुर आणि अचूक शब्द मी क्वचितच पाहिला आहे.

मी वर्णन लिहायचे ठरविले आणि लगेच अडले. पेट्यांवरची नावे निरुपयोगी होती, कारण बहुतेक यंत्रे सुटे भाग जोडून तयार केलेली. पेटीवरचे नाव म्हणजे पोथीचे बासन. ते कोणीही, केव्हाही बदलावे. पोथीचा काळ आपण पुष्पिकेवरून ठरवितो. संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याने पेच काढून मला या यंत्रांची पुष्पिका दाखविली. मुख्य फलकावरील काळ्या चौकोनांवर बारीक आकडे असतात. त्यांतला एक भागाचा क्रमांक, आणि दुसरा बहुधा निर्मितीचा काळ : ८९३४ म्हणजे १९८९ सालचा चौतिसावा आठवडा. भिंग घेऊन मी ते उतरवू लागले. महानुभावांच्या पोथ्या अभ्यासताना मान जशी दुखायची, तशीच दुखू लागली.

चौदांपैकी बरीच यंत्रे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील, पेंटियमच्या काळातली. त्यांत इंटेलचा ४३०टीएक्स, एकात ४४०बीएक्स, काहींत तैवानच्या व्हीआयए आणि एसआयएसचे चिपसंच. ती झटपट नोंदवून झाली. मन रमले ते सर्वांत जुन्या यंत्रात. त्यात ८०२८६ प्रोसेसर होता आणि शेजारी चार चिपा : ८२सी२११, ८२सी२१२, ८२सी२१५ आणि ८२सी२०६. सहकारी म्हणाला, "मॅडम, हा 'नीट' आहे." लातुरात हा शब्द उच्चारला की वैद्यकीय प्रवेश परीक्षेखेरीज दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही. पण हे 'न्यू एन्हान्स्ड एटी' या नावाचे लघुरूप. आयबीएमच्या १९८४ सालच्या एटी यंत्रात घड्याळ, कालमापक, व्यत्ययनियंत्रक अशी कामे अनेक सुट्या चिपांवर वाटलेली होती. 'चिप्स अँड टेक्नॉलॉजीज' या अमेरिकी कंपनीने ती मोजक्या चिपांत कोंबली. एकट्या ८२सी२०६मध्येच अशा अर्धा डझनाहून अधिक चिपांचे काम सामावले आहे. त्यामुळे कोणालाही एटीसारखे यंत्र स्वस्तात जोडता येऊ लागले. पुढे १९९७ साली ही कंपनी विकत घेत असल्याचे इंटेलने जाहीर केले. मराठवाड्यातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात १९९० साली संगणक आला, यात या चार चौकोनांचा वाटा आहे.

मराठी विभागात म्हणते, कारण त्या यंत्राच्या एका खाचेत जिस्ट कार्ड होते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे प्रभृतींनी विकसित केलेले हे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने देशभर पोचविले. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची ती या कार्डामुळे. ते पाहिले आणि मला आमचे सर आठवले. किल्लारी परिसरातील बायकांकडून त्यांनी ओव्या गोळा केल्या होत्या आणि स्वतः टंकित केल्या होत्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर त्यांतल्या कितीजणी उरल्या, हे त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. सर गेले. विभागाच्या कपाटात नऊ मोठ्या फ्लॉप्या मात्र होत्या, आणि त्यांवर त्यांच्या अक्षरात गावांची नावे.

यंत्र सुरू होईना. बॅटरी फुटून फलकावर हिरवट क्षार चढला होता आणि तिच्या आधारे टिकणाऱ्या सेटअपच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. नांदेडला, माझ्या माहेरी, एक जुने दुरुस्तीकार आहेत. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चिपसेट कुठला?" माझ्याकडे उत्तर तयार होते. पेटी मांडीवर घेऊन मी एस.टी.ने नांदेड गाठले. त्यांनी क्षार धुतला, तुटलेल्या रेषा तारेने सांधल्या, आणि मेमरीचा व बसचा वेग ठरविणाऱ्या नोंदी एकेक करून पुन्हा भरल्या. तिसऱ्या दिवशी पडदा उजळला. तारीख दिसली १ जानेवारी १९८०. काळाचा पत्ता नसला की डॉस तिथूनच मोजायला लागते.

नऊपैकी चार फ्लॉप्या वाचता आल्या. उरलेल्या पाचांना बुरशी लागली होती. फायलींवरच्या तारखा १९९१ आणि १९९२च्या. पडद्यावर ओव्या उमटल्या, आणि त्यांत 'मपलं', 'तुपलं', 'व्हती' अगदी जसेच्या तसे. वर्गात प्रमाणलेखनाचा आग्रह धरणाऱ्या सरांनी इथे एकही रूप दुरुस्त केले नव्हते. मजकूर इस्की संकेतप्रणालीत होता. युनिकोडने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली असल्याने रूपांतर सहकाऱ्याने एका संध्याकाळी केले. तोच मजकूर एखाद्या खासगी फाँटाच्या संकेतांत असता, तर प्रत्येक जोडाक्षराशी झटापट करावी लागली असती.

जून उजाडला. यादी कार्यालय अधीक्षकांपुढे ठेवली, प्रत्येक यंत्रापुढे चिपांचे क्रमांक लिहून. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, भंगारवाला किलोवर घेतो. एवढं कशाला लिहिलं?" मग बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाले, "नोंदवहीत चौदा, इथं तेरा."

चौदाव्यापुढे मूळ नोंदवहीतच मी शेरा लिहिला होता : 'चालू स्थितीत. मराठी विभाग.' त्यांनी तो दोनदा वाचला आणि खाली माझी सही मागितली.